प्रॉडक्शनची झेरॉक्स काढून काय मिळणार?

हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, दहा-पंधरा सर्व्हिसेस एकमेकींशी बोलतात असं सॉफ्टवेअर बांधणाऱ्या टीममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “हे डिस्ट्रिब्युटेड आहे, लॅपटॉपवर टेस्ट करून काही कळणार नाही.” बोलणारा बहुधा मुरलेला आर्किटेक्ट असतो, त्यामुळे समोरचे माना डोलावतात. पाठोपाठ खर्चाचं वाक्य येतं: प्रॉडक्शनसारखंच हुबेहूब स्टेजिंग उभं करू; तितकेच नोड, तोच क्लाउड, तीच नेटवर्कची मांडणी; जे तपासायचं ते तिथेच तपासू. मंजुरी मिळते. डेव्हलपरच्या मशीनवर उरतं एक डॉकर कंपोज, तेही सर्व्हिस चालू होते की नाही एवढंच बघण्यापुरतं.

यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं त्या चुकीवर पैसे खर्च करतं. पण आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही.

लॅपटॉपच्या आत सगळे प्रोसेस एकमेकांशी लूपबॅकवर बोलतात. तिथे पॅकेट हरवत नाही, उत्तर यायला मिलिसेकंदाचा किरकोळ अंश लागतो, केबल कोणाच्या पायात अडकत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९४ च्या सुमारास पीटर डॉइच यांनी वितरित सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या भ्रमांची यादी केली. नेटवर्क भरवशाचं आहे, विलंब शून्य आहे, बँडविड्थ अमर्याद आहे, नेटवर्कची रचना बदलत नाही, वगैरे. लॅपटॉप ही अशी जागा आहे, जिथे हे सगळे भ्रम खरे असतात. तिथे हिरवी झालेली टेस्ट प्रॉडक्शनबद्दल फारसं काही सांगत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

फक्त हाच आक्षेप स्टेजिंगला लावायचा राहून जातो. एका क्लाउडच्या एकाच विभागात, शेजारशेजारच्या रॅकमध्ये उभे केलेले बारा नोड एकमेकांपासून किती दूर असतात? मिलिसेकंदभर, बहुतेकदा त्याहूनही कमी. पॅकेट तिथेही हरवत नाही. डिस्क भरत नाही, कारण स्टेजिंगमध्ये डेटाच नसतो. कोणी केबल उपटत नाही, कारण उपटली तर चाळीस जणांचं काम अडेल. म्हणजे डॉइच यांचे भ्रम स्टेजिंगमध्येही जवळजवळ तितकेच खरे ठरतात. फरक एवढाच, की लॅपटॉपवर आपला विश्वास नसतो आणि स्टेजिंगवर असतो.

मुळात वाद आकाराचा नाहीच. वितरित सॉफ्टवेअर तपासायच्या जागेला एकच प्रश्न विचारायचा असतो: इथे मला हवा तेव्हा, हवा तसा बिघाड घडवता येतो का, आणि तोच बिघाड उद्या पुन्हा घडवता येतो का? प्रॉडक्शनशी ती जागा किती मिळतीजुळती आहे हा नंतरचा प्रश्न, आणि बराच दुय्यम.

“पण मोठ्या क्लस्टरचे बग मोठ्या क्लस्टरवरच दिसतात.” हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं, की कोणी मोजून पाहिलं असेल असं वाटत नाही. मोजून पाहिलेलं आहे. टोरांटो विद्यापीठाच्या डिंग युआन आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या ओएसडीआय परिषदेत एक अभ्यास मांडला. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींतले, खऱ्या वापरकर्त्यांनी नोंदवलेले १९८ बिघाड त्यांनी मुळापर्यंत तपासले. त्यातले ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर घडवता येत होते. तीनशे नव्हे, तीन. आणि ७७ टक्के बिघाड तर युनिट टेस्टमध्ये पुन्हा उभे करता येण्याजोगे होते.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. सगळी किंवा बहुतेक प्रणाली आडवी करणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्क्यांमध्ये सॉफ्टवेअरने आधी स्पष्ट एरर दिलेली होती. ती हाताळणारा कोड चुकला होता. आणि चुकीचे प्रकार तरी कोणते? ३५ टक्क्यांमध्ये अगदीच बाळबोध: कॅच ब्लॉक रिकामा, किंवा त्यात लॉगची एक ओळ आणि बाकी काही नाही, किंवा ‘हे नंतर करू’ अशी टिप्पणी लिहून पुढे गेलेला माणूस, किंवा कुठलीही एरर आली की अख्खा क्लस्टर बंद करणारा उतावळा कोड. हा कोड चालण्यासाठी एरर यावी लागते. निरोगी स्टेजिंगमध्ये ती येत नाही. म्हणून तो कोड स्टेजिंगमध्ये सहा महिने सुखाने बसून राहतो आणि एखाद्या रविवारी पहाटे प्रॉडक्शनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा चालतो.

यावर हुशार वाचक म्हणेल, की कारण कळल्यावर बिघाड तीन नोडवर घडवून दाखवणं सोपं, तो आधी सापडणं वेगळं. बरोबर. पण आधी सापडायचा असेल, तर बिघाडांच्या शेकडो जोड्या लावून पाहाव्या लागतात: हा नोड आधी मारा मग तो, संदेश आधी उशिरा पाठवा मग दोनदा पाठवा. अशा शेकडो जोड्या कुठे लावून पाहणार? सगळ्यांच्या सामायिक स्टेजिंगमध्ये, पाळी लावून? त्याला स्वस्त, खासगी आणि दर वेळी पाडून नव्याने उभी करता येणारी जागा लागते. हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

आता लॅपटॉपच्या बाजूने बोलताना आपल्या घरचं उष्टं-खरकटंही दाखवायला हवं. बहुतेक टीमच्या रेपोमध्ये पडलेली डॉकर कंपोज फाइल उघडून पाहा. काफ्काचा एकच ब्रोकर. एकच ब्रोकर असल्याने ऑफसेट टॉपिकचा रेप्लिकेशन फॅक्टर एकवर आणलेला, नाहीतर तो टॉपिक तयारच होत नाही. प्रोड्यूसरमध्ये मात्र मोठ्या ऐटीत ‘सगळ्यांची पोच हवी’ अशी सेटिंग. सगळे म्हणजे कोण? तो एकटाच. प्रॉडक्शनमध्ये तीन प्रती आणि किमान दोन ताज्या असाव्यात असा नियम. तिथे दोन ब्रोकर मागे पडले, की लिहिणं नाकारलं जातं आणि एरर येते. ती एरर लॅपटॉपवर एकदाही आलेली नसते. पोस्टग्रेसचंही तेच: एक प्रायमरी, रेप्लिका नाही, त्यामुळे लिहून लगेच वाचलं तर जुनं उत्तर मिळू शकतं हे कोडला माहीतच नाही. या मांडणीला आर्किटेक्टने नावं ठेवली तर मी त्याच्या शेजारी उभा राहीन. पण उपाय बारा नोडचं स्टेजिंग नाही. उपाय आहे फाइलमध्ये एकाचे तीन करणं. तिनापैकी एक मेला तर दोघांचं बहुमत उरतं, दोन मेले तर उरत नाही. बहुमतावर चालणाऱ्या प्रणालीचं वागणं तपासायला सुरुवात इथूनच होते.

“लॅपटॉपला झेपणार नाही,” हे लगेच पुढचं. काफ्काचा ब्रोकर मुळात एक जीबी हीप मागतो. टेस्टसाठी तो निम्म्याहून कमीत चालतो. एटसीडीचे तीन नोड तर चालू आहेत हे कळतही नाही. झेपत नाहीत त्या चाळीस सर्व्हिसेस. त्या चाळीस हव्यात कशाला? ऑर्डर घेणारी सर्व्हिस तपासायची तर ती, तिचा डेटाबेस, तिचा काफ्का आणि तिच्याशी थेट बोलणारे शेजारी एवढंच खरं लागतं. बाकीच्यांच्या जागी ठरलेली उत्तरं देणारे नकली पुतळे चालतात. एका सर्व्हिसची टेस्ट करायला बाकीच्या एकोणचाळीस उभ्या कराव्याच लागत असतील, तर तिथे सर्व्हिसेस वेगळ्या झालेल्याच नाहीत. एका मोठ्या प्रोग्रामचे तुकडे करून त्यांच्यामध्ये नेटवर्क घातलं आहे. त्या दुखण्यावर मोठं स्टेजिंग हा इलाज नव्हे. त्याने फक्त दुखणं झाकलं जातं.

तीन नोड उभे राहिले, आता त्यांच्यातलं नेटवर्क बिघडवायचं. लिनक्सच्या कर्नलमध्ये नेटेम नावाची सोय कित्येक वर्षांपासून आहे: अमुक इंटरफेसवरचं प्रत्येक पॅकेट इतके मिलिसेकंद उशिरा सोड, शंभरातली दोन टाकून दे, काहींचा क्रम उलटा कर. कंटेनरला नेटवर्क बदलायची परवानगी देऊन त्याच्या आत ती एका ओळीत लावता येते. लूपबॅकवर लावताना मात्र जपून, तिथे जाणारं आणि येणारं पॅकेट त्याच दारातून जातं, त्यामुळे शंभरचा विलंब लावला की पिंगला दोनशे दिसतात आणि माणूस अर्धा दिवस गणित करत बसतो. आयपीटेबल्सने दोन नोडमधली वाट कापता येते, तीही एकाच दिशेने: अ ला ब चं ऐकू येतं, ब ला अ चं नाही. एका विशिष्ट कनेक्शनचीच खोडी काढायची असेल, तर शॉपिफायने मोफत खुलं केलेलं टॉक्सिप्रॉक्सी आहे. काइल किंग्जबरी यांनी २०१३ पासून जेप्सेन या साधनाने नावाजलेले डेटाबेस एकामागून एक उघडे पाडले, ते सहसा पाच नोडवर. काही डेटाबेसच्या कंपन्यांना त्यांचे दावे मागे घ्यावे किंवा दुरुस्त करावे लागले. त्या कंपन्यांकडे स्टेजिंग नव्हतं असं कोणी म्हणू शकेल का?

हे सगळं खेळण्यातलं वाटत असेल, तर गिटहबचा २१ ऑक्टोबर २०१८ चा दिवस घ्या. त्यांनी स्वतःच नंतर सविस्तर अहवाल लिहिला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बिघडत चाललेलं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलताना तिथलं नेटवर्क हब आणि मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क ४३ सेकंद तुटला. पुढे सेवा पूर्वपदावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांत काय घडलं? मायएसक्यूएलचे प्रायमरी सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरने बहुमताने ठरवून ते पश्चिम किनाऱ्यावर हलवले. पूर्वेकडे मात्र काही क्षणांचे असे बदल राहून गेले, जे पश्चिमेला पोचलेच नव्हते. आणि पश्चिमेने तोवर नवे बदल घ्यायला सुरुवात केली होती. आता कोणाचं खरं मानायचं? एकाचं मानलं तर दुसऱ्याचा डेटा जातो. त्यात आणखी एक: पूर्वेकडची ॲप्लिकेशन्स डेटाबेसच्या प्रत्येक हाकेसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचा वेळ सहनच करू शकत नव्हती.

ऑप्टिकल उपकरण लॅपटॉपवर बदलता येत नाही, हे खरं. पण त्या दिवशी जे दोन प्रश्न अंगावर आले ते लॅपटॉपवर जसेच्या तसे विचारता येतात. तीन कंटेनर ‘पूर्व’, तीन ‘पश्चिम’. मधली वाट ४३ सेकंद बंद, मग चालू. आता दोन्हीकडचं लिखाण ताडून पाहा. दुसरा प्रश्न त्याहून सोपा: डेटाबेसच्या वाटेवर साठ-सत्तर मिलिसेकंदांचा विलंब लावा आणि ॲप्लिकेशन चालतं का ते पाहा. ज्या पानासाठी दोनशे क्वेऱ्या होतात, ते पान तिथल्या तिथे मान टाकेल. मुंबईत प्रायमरी आणि हैदराबादेत आपत्कालीन केंद्र ठेवणाऱ्या आपल्याकडच्या किती टीमनी हा दुसरा प्रयोग केला असेल? अंतर कमी आहे, विलंबही कमी लागेल, पण दोनशेने गुणायचं गणित तेच.

लॅपटॉपच्या मर्यादा कुठे आहेत तेही सांगून टाकतो, म्हणजे विरोधकांना शोधत बसावं लागू नये. एका मशीनवरच्या सगळ्या कंटेनरांना घड्याळ एकच असतं, ते कर्नलचं. त्यामुळे दोन नोडची घड्याळं सरकल्यावर काय होतं हे साध्या कंटेनरांत दिसत नाही; लिबफेकटाइमसारखी युक्ती लागते किंवा व्हर्च्युअल मशीन लागतात. दुसरी मर्यादा फार जणांच्या लक्षात येत नाही. प्रोसेसला किल माइनस नऊ दिलं म्हणजे वीज गेल्यासारखं झालं असं समजतात. तसं नसतं. प्रोसेस मेला तरी त्याने लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये सुरक्षित असतं आणि यथावकाश डिस्कवर उतरतं. खरी वीज गेली तर तेच जातं. म्हणजे एफसिंक न करणारा डेटाबेस किलच्या परीक्षेत दर वेळी पहिला येईल. पण इथेही गंमत पाहा: स्टेजिंगमध्येही कोणी वीज घालवत नाही. तिथेही हा बग दिसत नाही. फक्त तो महाग जागेत दिसत नाही.

पुनरावृत्तीचा मुद्दा मात्र मला सगळ्यात मोठा वाटतो. स्टेजिंगवरच्या बगची सर्वांत ओळखीची गत म्हणजे ‘परवा दिसला होता, काल दिसला नाही’. तिकीट बंद होतं. यावर लागू पडणारं औषध फाउंडेशनडीबी या डेटाबेसच्या लोकांनी दाखवलं. त्यांनी डेटाबेस लिहिण्याआधी त्याला खेळवायचं मैदान लिहिलं: एका प्रोसेसमध्ये, एका थ्रेडवर अख्खा क्लस्टर, नकली नेटवर्क, नकली डिस्क, नकली घड्याळ. त्यात संदेश उशिरा येतात, डिस्क दगा देते, मशीन मरून परत उठतात, आणि हे सगळं एका सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्यावरून ठरतं. बग सापडला की तो आकडा लिहून ठेवायचा. तोच आकडा दिला की तेच बिघाड त्याच क्रमाने पुन्हा घडतात, शंभर वेळा. घड्याळही नकली असल्याने टाइमआउटची वाट पाहत बसावं लागत नाही. विल विल्सन यांनी २०१४ मध्ये स्ट्रेंज लूप परिषदेत हे सगळं उलगडून सांगितलं, २०१५ मध्ये ॲपलने ती कंपनीच विकत घेतली, २०१८ मध्ये कोड खुला केला. प्रत्येक टीमने हे करावं असं मी म्हणत नाही. चालू कोडला असं मैदान नंतर जोडणं जवळजवळ अशक्य असतं. पण वितरित सॉफ्टवेअरची सर्वांत कडक परीक्षा प्रॉडक्शनच्या नकलेत नव्हे, तर प्रॉडक्शनपासून सर्वांत लांबच्या जागेत, एका थ्रेडवर झाली, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

दुसऱ्या टोकाला एक पंथ आहे. तो म्हणतो, टेस्टची खरी जागा प्रॉडक्शनच, बाकी सगळं नाटक. साक्षीला नेटफ्लिक्सचं केऑस मंकी येतं. पण ते माकड नेटफ्लिक्सने दिवसाढवळ्या, इंजिनिअर खुर्चीत असताना सोडलं होतं आणि जे बिघडतं ते सिनेमा दोन सेकंद थांबण्यापुरतं राहील याची आधी व्यवस्था केली होती. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला ही मुभा नाही. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, समोरच्याच्या खात्यात आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत व्हायला हवेत. नाहीतर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. यातला खरा अवघड क्षण कुठला? विनंती पोचली, पैसे कापले गेले, आणि उत्तर वाटेत हरवलं. पाठवणाऱ्याला टाइमआउट दिसतो, म्हणजे झालं की नाही हे त्याला कळतच नाही. त्याने पुन्हा विनंती केली तर दोनदा कापले जातील का? हे तपासायला दोन प्रोसेस आणि मध्ये एक प्रॉक्सी लागते, जी विनंती जाऊ देते आणि उत्तर गिळते. प्रॉडक्शन लागत नाही, स्टेजिंग लागत नाही, दहा मिनिटंही लागत नाहीत. त्याच टेस्टमध्ये आणखी एक मोजून घ्यावं: उत्तर न आल्यावर आपला कोड ‘झालं का?’ असं किती वेळा आणि किती घाईने विचारतो. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळलं, तेव्हा बँकांकडून येणाऱ्या अशाच चौकशांचा पूर हे कारण एनपीसीआयने पुढे आणलं, आणि किती वेळाने, किती वेळा विचारायचं यावर मर्यादा आणली.

मग स्टेजिंग बंदच करायचं? नाही. नाटकाची जी रंगीत तालीम असते तेवढी त्याची जागा आहे. सेट, प्रकाश, कपडे यांचा मेळ बसतो का ते तिथे पाहतात; पाठांतर आणि हालचाली बसवायला कोणी थिएटर भाड्याने घेत नाही, ते शाळेच्या वर्गात बाकं सरकवून होतं. क्लाउडच्या परवानग्या, सर्टिफिकेटं, लोड बॅलन्सरच्या सेटिंग्ज, कोट्यवधी ओळींच्या टेबलवर मायग्रेशनला लागणारा वेळ, भार किती पेलतो: हे लॅपटॉपवर कळत नाही, ते तिथेच बघायचं. पण त्यासाठी ते रिलीजच्या आधी उभं करून नंतर पाडलं तरी चालतं. चोवीस तास, बारा नोडचं, आणि गुरुवारपासून कोणीतरी बिघडवून ठेवलेलं स्टेजिंग कोणाच्याच कामाचं नसतं.

शेवटी ज्या घटनेचा दाखला स्टेजिंगवाले हटकून देतात तीही पाहू. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त गमावले. “प्रॉडक्शनसारखं एन्व्हायर्नमेंट असतं तर वाचले असते,” असं म्हणतात. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात काय आहे? आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर जायचा राहिला. नव्या कोडने एक जुनी खूण नव्या अर्थाने वापरली होती. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेने कित्येक वर्षं वापरात नसलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरींचा सपाटा सुटला. आठ नोडच्या स्टेजिंगवर आठही ठिकाणी नवा कोड नीट चढवला असता, तर तिथे सगळं उत्तम चाललं असतं. हा घोळ दिसण्यासाठी हवी होती एकाच वेळी दोन आवृत्त्या चालवून पाहणारी टेस्ट: तीन कंटेनर, दोनांत नवा कोड, एकात मुद्दाम ठेवलेला जुना.